समुद्रात पडलेला नोकर आणि त्याचे लाखो वंशज: चारशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन पूर्वज सिद्ध कसा करतात?

२०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे अडीचशेवे वर्ष. अशा वर्षी एका प्रकारची बातमी हमखास वाचायला मिळते: अमुक राष्ट्राध्यक्ष किंवा तमुक नट १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या माणसाचा वंशज आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट, थोरले आणि धाकटे जॉर्ज बुश, नट हम्फ्री बोगार्ट, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ ही सगळी मंडळी एकाच माणसाच्या वंशातली. त्याचे नाव जॉन हाउलंड.

वाचणाऱ्याला प्रश्न पडतो. आपल्यापैकी कितीतरी जणांना खापरपणजोबांचे नाव सांगता येत नाही. मग बारा-तेरा पिढ्यांपूर्वीचा माणूस, तोही नोकर म्हणून आलेला, या लोकांनी कुठल्या कागदावरून शोधला? की मोठ्या घराण्यांना शोभेल अशी ही रचलेली कथा आहे?

शंका रास्त आहे. हाउलंडच्या घराण्यातही एक रचलेली कथा होती, ती पिढ्यानपिढ्या खरी मानली गेली आणि शेवटी एका हस्तलिखिताने ती खोडून काढली. म्हणूनच वंशशोधाचे काम कसे चालते हे समजून घ्यायला या माणसाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

आधी माणूस पाहू

मेफ्लॉवरमध्ये १०२ प्रवासी होते. त्यांतले बरेचजण इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेले धार्मिक लोक, बाकीचे पोटापाण्यासाठी निघालेले. जॉन कार्व्हर हे त्यांचे पुढारी आणि पुढे वसाहतीचे पहिले गव्हर्नर. त्यांच्याकडे जॉन हाउलंड करारबद्ध नोकर होता, म्हणजे ठरावीक वर्षे मालकाचे काम करायचे आणि त्या बदल्यात प्रवास व पोटाची सोय, असा लेखी करार झालेला तरुण.

अटलांटिकमधल्या वादळात हा तरुण डेकवर आला आणि जहाज कलंडताच थेट समुद्रात फेकला गेला. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो त्याच्या हाती लागला. पाण्याखाली खोल ओढला गेला तरी त्याने दोर सोडला नाही. वर ओढून, आकडी लावून लोकांनी त्याला जहाजात घेतले. ही हकीकत लिहून ठेवली ती त्याच जहाजात असलेल्या विल्यम ब्रॅडफर्ड यांनी. ते वसाहतीचे दुसरे गव्हर्नर. त्यांचे नाव लक्षात ठेवा, पुढे तेच आपल्या कामाला येणार आहेत.

किनाऱ्यावर उतरल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक मेले. एलिझाबेथ टिली ही तेरा वर्षांची मुलगी आई, वडील, काका आणि काकू अशा चौघांना गमावून एकटी उरली. १६२१ च्या वसंतात कार्व्हर गेले, पाठोपाठ काही आठवड्यांत त्यांची पत्नीही गेली. मालक नसलेला नोकर आणि आईबाप नसलेली मुलगी यांचे पुढे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली, दहाही जगली आणि मोठी झाली. त्या काळात हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येई. नातवंडांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली. हाउलंड स्वतः वसाहतीच्या कारभारात गव्हर्नरांचा सहायक झाला, आजच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरच्या फर-व्यापाराच्या ठाण्याचा प्रमुखही झाला.

नाव सापडले म्हणजे पूर्वज सापडला असे नाही

इथे बहुतेकांची गफलत होते. जुन्या वहीत आपल्याच आडनावाचा माणूस दिसला की मन लगेच त्याला आपला मानते. पण वंशशोधात नावापेक्षा दोन नावांमधला दुवा मोलाचा: हा याचाच मुलगा, हे सांगणारा कागद.

जमिनीच्या कागदांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे पटकन कळेल. सातबारावर आज तुमचे नाव आहे, पण जमीन पणजोबांपासूनची आहे हे दाखवायचे तर वारसाचा एकेक फेरफार काढत मागे जावे लागते. मधला एक फेरफार मिळाला नाही तर पणजोबांच्या नावाचा कितीही जुना उतारा हातात असला तरी साखळी तुटलेलीच राहते. वंशावळीचा नियम हाच. बारा पिढ्यांना बारा दुवे लागतात, आणि त्यांतला सर्वांत कच्चा दुवा जेवढा भक्कम तेवढीच ती वंशावळ भक्कम.

म्हणूनच शोध हाउलंडपासून खाली सुरू करत नाहीत. तो स्वतःपासून मागे नेतात.

आजपासून मागे जाताना

विसाव्या शतकातले जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले सहसा मिळतात. त्यामागे जाताना जनगणना मदतीला येते. अमेरिकेत पहिली जनगणना १७९० मध्ये झाली आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी होते. माणसांची नावे असलेले मूळ तक्ते ७२ वर्षांनी खुले करतात, त्यामुळे १९५० चे तक्ते २०२२ मध्ये लोकांना पाहता आले. पण १८५० पूर्वीच्या तक्त्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बायको-मुले म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले नुसते आकडे. १८५० पासून गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव येऊ लागले, आणि कुटुंबप्रमुखाशी नाते काय हे १८८० पासून. १८९० चे बहुतेक तक्ते १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, जी नवख्यांना उलटी वाटते. सगळ्यात जुन्या पिढ्या सगळ्यात अवघड नसतात. मेफ्लॉवरच्या लोकांनी आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये वसवलेली प्लिमथ वसाहत चिमुकली होती, तिचे कागद बऱ्यापैकी टिकले, आणि शेकडो अभ्यासकांनी ते चाळून काढले आहेत. मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था १८९७ मध्ये स्थापन झाली. पहिल्या पाच पिढ्यांचे संशोधन तिने खंड काढून छापले आहे. सभासद व्हायचे तर प्रत्येक पिढीचा पुरावा द्यावा लागतो, पण अर्जदाराची खरी कसोटी त्या पाचव्या पिढीपर्यंत पोहोचण्यात असते. स्वातंत्र्ययुद्धापासून १८५० पर्यंतचा काळ सर्वांत त्रासदायक. घरेच्या घरे न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा, सोडून न्यूयॉर्क, ओहायो आणि आणखी पश्चिमेला निघाली होती. नव्या वस्तीत नोंद ठेवायला ना जुने चर्च होते ना गावची कचेरी. वंशावळी जास्त करून इथेच तुटतात.

हे कागद आता मोठ्या प्रमाणावर घरबसल्या दिसतात, त्याचे श्रेय बरेचसे युटा राज्यातल्या मॉर्मन चर्चला जाते. पूर्वजांसाठी धार्मिक विधी करण्याची त्यांच्यात श्रद्धा आहे आणि त्यासाठी पूर्वज नेमका ओळखावा लागतो. १८९४ मध्ये त्यांनी वंशशोधाची संस्था काढली, १९३८ पासून जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. ‘फॅमिलीसर्च’ या त्यांच्या विनामूल्य संकेतस्थळाच्या संग्रहात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची चित्रेही आहेत.

गाय, मृत्युपत्र आणि पंधरा माणसे

आता थेट हाउलंडच्या काळात जाऊ. तेव्हा जन्मदाखला नव्हता. मग नाते कळणार कुठून? जिथे मालमत्तेची वाटणी होते तिथून.

२२ मे १६२७ रोजी प्लिमथमध्ये गुरांची वाटणी झाली. वसाहतीतल्या लोकांचे तेरा-तेरा जणांचे बारा गट पाडले आणि प्रत्येक गटाला गुरे दिली. चौथा गट हाउलंडचा. त्यात जॉन हाउलंड, पत्नी एलिझाबेथ, धाकटा जॉन आणि डिझायर अशी नावे ओळीने आहेत. गटाच्या वाट्याला ‘जेकब’ जहाजातून आलेली एक कालवड आली, तिचे नाव रॅगहॉर्न. माणसे मोजायला कुणी बसले नव्हते, दूध कोणी प्यायचे ते ठरवायचे होते. पण या यादीमुळे आपल्याला खात्रीने सांगता येते की मे १६२७ पर्यंत या जोडप्याला दोन मुले झालेली होती.

दुसरा कागद हाउलंडचे मृत्युपत्र, २९ मे १६७२ चे. त्यात जॉन, जाबेझ, आयझॅक आणि जोसेफ हे चार मुलगे आहेत. सहा मुलींची नावे सासरच्या आडनावांसह आहेत: डिझायर गोरम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकिन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, रूथ कुशमन. मुलींना वीस-वीस शिलिंग मिळाले. रक्कम छोटी, पण तिच्यामुळे सहा नव्या आडनावांची घराणी हाउलंडशी कागदोपत्री जोडली गेली. लग्नानंतर आडनाव बदलले की बाई नोंदींतून जणू नाहीशी होते. मृत्युपत्रात तिला बापाने दिलेले वीस शिलिंग तिला परत आणतात. मेफ्लॉवरच्या वंशजांपैकी किती लोक मुलींच्या बाजूने वंशज आहेत हे पाहिले की या सहा ओळींचे मोल कळते.

तिसरा कागद ब्रॅडफर्डांचा. मेफ्लॉवरची अधिकृत प्रवासी-यादी अस्तित्वात नाही. जी आहे ती ब्रॅडफर्डांनी तीस वर्षांनी, १६५१ च्या सुमारास, स्वतः लिहिलेली. प्रत्येक कुटुंबातले कोण आले, कोण मेले, कोणाचा वंश किती वाढला याचा त्यांनी हिशेब मांडला. हाउलंडविषयी ते लिहितात की त्याने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले, दोघेही हयात आहेत, दहा मुले आहेत, थोरल्या मुलीला चार आणि दुसरीला एक मूल आहे, म्हणजे त्यांच्यापासून पंधरा जण झाले. लिहिणारा माणूस त्याच जहाजात होता आणि त्याच गावात राहत होता. वंशशोधात याहून चांगला साक्षीदार क्वचित मिळतो.

दगडावर कोरलेली चूक

हे सगळे इतके स्पष्ट लिहिलेले असताना हाउलंड घराण्यात मात्र भलतीच कथा चालत आली होती. ती अशी की जॉन हाउलंडने गव्हर्नर कार्व्हर यांच्याच मुलीशी लग्न केले. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या बेरिअल हिल या दफनभूमीत स्मारकशिळा उभारली, तिच्यावरही हेच कोरले होते.

कथा अगदीच हवेतून आली नव्हती. हाउलंड कार्व्हरांच्या घरात राहत होता आणि अनाथ एलिझाबेथलाही बहुधा त्याच घराने आसरा दिला. पण कार्व्हर पतीपत्नी मूलबाळ मागे न ठेवता गेले. ‘गव्हर्नरांच्या घरातली मुलगी’ हिची ‘गव्हर्नरांची मुलगी’ व्हायला दोन-तीन पिढ्या पुरतात. शिवाय कोणत्याही घराला अनाथ मुलीपेक्षा गव्हर्नरांची लेक आजी म्हणून अधिक आवडते, हे मान्य करायला हवे.

चूक उघडी पडायला इतका वेळ लागला, कारण ब्रॅडफर्डांचे हस्तलिखितच गायब होते. बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमधल्या संग्रहातून ते अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत हरवले. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपच्या फुलम पॅलेसमधील ग्रंथालयात असल्याचे कळले, पुढच्या वर्षी ते छापले गेले, आणि १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. मजकूर वाचल्यावर वादाला जागा उरली नाही. पुढे इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावच्या चर्च-वहीत एलिझाबेथ टिलीचा ३० ऑगस्ट १६०७ चा बाप्तिस्मा सापडला. आई जोन हर्स्ट, वडील जॉन टिली. वंशजांनी दगडही बदलला. आजच्या दगडावर टिलीची मुलगी असेच लिहिलेले आहे.

मला या प्रकरणात सर्वांत मोठे वाटते ते हेच, की लोकांनी आवडती आजी सोडून खरी आजी स्वीकारली.

एका मृत्यूला दोन वर्षे कशी?

हाउलंडची मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी लिहितात. हा छपाईचा दोष नाही. तेव्हा इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी हा जुन्या वर्षाच्या शेवटी पडे. त्या लोकांच्या लेखी १६७२ चालू होते, आपल्या हिशेबाने १६७३ लागलेले होते. १७५२ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने नवी दिनदर्शिका घेतली तेव्हा हा घोळ मिटला. नवखा शोधक हे विसरतो आणि मग मृत्युपत्र आधी व मृत्यू नंतर असा साधा क्रमही चुकवून बसतो.

वयाचा प्रश्न याहून कठीण. मृत्यूच्या नोंदीत हाउलंड ‘ऐंशीच्या वर’ होता असे म्हटले आहे. ते खरे तर त्याचा जन्म १५९२ च्या आसपासचा. पण मग १६२० मध्ये तो अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि ब्रॅडफर्ड तर त्याला धट्टाकट्टा तरुण म्हणतात. काही अभ्यासक म्हणून जन्म १५९९ च्या जवळ आणतात. म्हाताऱ्यांचे वय तेव्हा सर्रास फुगवून सांगत, याचा अनुभव आपल्याकडेही आहे. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळालेली नाही. घर कळले ते भावांमुळे. आर्थर आणि हेन्री हे भाऊ मागाहून प्लिमथला आले, आणि हम्फ्री हा लंडनला कापडाचा व्यापारी होता. त्याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात या भावांचा उल्लेख आहे. त्यावरून माग काढत अभ्यासक हंटिंगडनशायरमधल्या फेनस्टँटन गावी पोहोचले.

डीएनए तपासला की काम झाले ना?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर असे: जवळच्या नात्यांसाठी होय, हाउलंडसाठी जवळपास नाही.

दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. बारा पिढ्या मागे गेलात की ४,०९६ जागा होतात. प्रत्येक पिढीत डीएनएची नव्याने फाळणी होते. त्यामुळे इतक्या दूरच्या एका विशिष्ट पूर्वजाचा एकही ओळखता येणारा तुकडा तुमच्यात नसण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही त्याचे खरे वंशज असूनही.

दोन प्रकारचा डीएनए मात्र फारसा न बदलता पुढे जातो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, आणि मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून तिच्या मुलांकडे. हाउलंड आडनावाचे दोन पुरुष एकाच मुळाचे आहेत का, हे पहिल्याने पडताळता येते. एलिझाबेथपासून अखंड आई-मुलगी-नात अशी साखळी असेल तर दुसऱ्याने. मधे एकदा जरी मुलगा-मुलगी अशी बाजू बदलली की दोन्ही चाचण्या निरुपयोगी. तेव्हा कागदाला पर्याय नाही. डीएनए तो कागद तपासायला मदत करतो.

मग खोट्या वंशावळी कुठून येतात?

पैशातून आणि नकलेतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये गुस्ताव्ह अँजू नावाचा मूळचा स्वीडिश गृहस्थ श्रीमंतांना पैसे घेऊन वंशावळी करून देई. खऱ्या नोंदींमध्ये तो बेमालूम खोट्या नोंदी मिसळायचा. १९४२ मध्ये तो वारला, पण त्याच्या ‘संशोधना’चे अंश आजही लोकांच्या वंशवृक्षांत सापडतात. इंटरनेटवर एकाने चुकीचा बाप जोडला की शंभर जण तो उतरवून घेतात, आणि मग शंभर ठिकाणी आहे म्हणून तो खरा वाटू लागतो. शंभर नकला म्हणजे शंभर साक्षी नव्हेत. मूळ कागद कोणता, तो कोणी लिहिला, लिहिणाऱ्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक होती का, हे तीन प्रश्न विचारून पाहावेत.

दहा मुलांपासून बारा-तेरा पिढ्यांत लाखो माणसे होतात, मग अशा वंशजत्वाचे विशेष काय, असाही आक्षेप येतो. मानाच्या दृष्टीने काहीच नाही, असे माझे मत आहे. दोर हातातून सुटला असता तर रूझवेल्ट आणि बुश दोघेही नसते, ही गोष्ट मात्र मला मानापेक्षा मोठी वाटते.

ज्यांचा कागदच झाला नाही

इथपर्यंतच्या सगळ्या पद्धतीला एक अट आहे: नोंद ठेवणाऱ्याने तुमचे नाव लिहायला हवे. १६२७ च्या प्लिमथमध्ये एका कालवडीचे नाव लिहिले गेले. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत मात्र गुलामांच्या वेगळ्या तक्त्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली फक्त वय, लिंग व वर्ण. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेक काळ्या अमेरिकनांची नावे राष्ट्रीय जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये.

आपल्याकडच्या माणसांचीही एक पुसट खूण या कागदांत आहे. व्हर्जिनियात जो दुसऱ्याच्या प्रवासाचा खर्च करी त्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळे. १६३५ च्या अशा एका जमीन-पट्ट्यात ज्यांच्या नावावर जमीन मागितली त्यांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असा एक जण आहे. मेफ्लॉवरनंतर अवघ्या पंधरा वर्षांनी. त्याचे आडनाव नाही, गाव नाही, बापाचे नाव नाही. त्याला मुले झाली असतील तर त्यांचे वंशज आज त्याच्यापर्यंत कागदाने पोहोचू शकत नाहीत.

तरी काम सुरू आहे. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांसाठी सरकारने ‘फ्रीडमेन्स ब्युरो’ उघडला होता. त्याच्या दफ्तरातली जवळजवळ अठरा लाख नावे स्वयंसेवकांनी वाचून २०१५-१६ मध्ये शोधता येतील अशी केली. १८४५ मध्ये स्थापन झालेली बॉस्टनची वंशशोध संस्था, जिने आयुष्यभर हाउलंडसारख्या घराण्यांचा अभ्यास केला, तिने २०२३ मध्ये गुलाम केल्या गेलेल्या एक कोटी माणसांची नावे परत मिळवण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. १८७० च्या नोंदीवरून शेजारच्या जमीनदाराकडे जायचे, त्याचे मृत्युपत्र व मालमत्तेची यादी काढायची, आणि भांडी, घोडे, पलंग यांच्या रांगेत किंमत लावून लिहिलेली माणसांची नावे एकेक करून उतरवून घ्यायची, असे ते काम चालते.